‘चक्र’ (१९८१): एक पोस्टर, एक निकालपत्र आणि वाशीचा पूल

१९८१ साली एका हिंदी चित्रपटाचे पोस्टर गाजले. त्यावर एक स्त्री उघड्यावर अंघोळ करीत होती. ती स्त्री म्हणजे स्मिता पाटील आणि चित्रपट ‘चक्र’. आजही या चित्रपटाचे नाव निघाले की बोलणे बहुधा त्या पोस्टरपाशी येऊन थांबते.

पण त्याच वर्षी मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती. ज्या माणसांची कथा ‘चक्र’मध्ये होती, तशाच माणसांना बसगाड्यांत बसवून शहराबाहेर धाडले जात होते. आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे, वाशीला, अशा माणसांचा भार मुंबईवर पडू नये म्हणून आखलेले एक नवे शहर उभे राहत होते. चित्रपट, हकालपट्टी आणि नवे शहर या तीन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तर पोस्टरवरचा वाद निराळाच दिसू लागतो.

आरंभ १९६३ मध्ये होतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीहून मुंबईत आलेल्या जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. पुढे ‘ललित’मधला मिस्कील ‘ठणठणपाळ’ म्हणून आणि ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’, ‘पुरुष’ या नाटकांचे लेखक म्हणून दळवी घराघरांत पोहोचले. पण त्यांची ही पहिली कादंबरी पांढरपेशा वाचकाला चांगलाच धक्का देणारी होती. झोपडपट्टीतली भूक, चोरी, दारू, गुप्तरोग, लग्नाबाहेरचे शरीरसंबंध हे सारे तिच्यात होते आणि त्यावर लेखकाचा कसलाही निवाडा नव्हता. मराठी कादंबरीतला गरीब तोवर बहुधा सोशिक आणि सद्गुणी असे. दळवींनी ती अट काढून टाकली.

ते दशकच तसे होते. १९६२ मध्ये नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला. १९६३ मध्येच बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर अश्लीलतेचा गदारोळ उठला आणि आचार्य अत्रे यांच्यासारख्या मातब्बर संपादकाने त्या कादंबरीवर शस्त्र उपसले. या साऱ्यांत दळवींची जागा थोडी वेगळी आहे. ते वस्तीतले नव्हते. ते पाहणारे होते. बागुलांच्या माणसांना आपल्यावर अन्याय होतो आहे हे ठाऊक असते आणि ती पेटून उठतात. दळवींच्या माणसांना तेवढीही उसंत नसते.

गंमत म्हणजे त्याच १९६३ साली ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘शहर और सपना’ हा चित्रपट आला. मुंबईत घर न मिळालेले जोडपे पाण्याच्या मोठ्या नळात संसार थाटते, ही त्याची कथा. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. बेघर जोडप्याच्या निर्मळ प्रेमाला पदक देण्यात कोणालाच अडचण नव्हती. अडचण आली ती पुढे. अब्बास यांनी चार महानगरांतले वैभव आणि दैन्य शेजारी शेजारी दाखवणारा माहितीपट काढला आणि त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये घेतली. सर्वांसाठी खुल्या प्रदर्शनाचा दाखला हवा असेल तर ही दृश्ये कापा, असे सांगण्यात आले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेला धरूनच आहे असे म्हटले. मात्र लैंगिक विषय आणि अश्लीलता या दोन गोष्टी एकच नव्हेत, हेही त्यांनी बजावले. ‘चक्र’च्या वेळी नेमका याच भेदाचा विसर पडला.

कादंबरीनंतर सुमारे सतरा वर्षांनी रवींद्र धर्मराज या तरुण दिग्दर्शकाने तिच्यावर हिंदी चित्रपट केला. निर्माते मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर. याच जोडीने पुढे ‘अर्धसत्य’ काढला. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. कलादिग्दर्शन ‘पथेर पांचाली’चे जग उभे करणाऱ्या बन्सी चंद्रगुप्त यांचे. धर्मराज यांचा हा पहिलाच कथापट होता आणि शेवटचाही, कारण त्यानंतर लवकरच, ऐन तारुण्यात, त्यांचे निधन झाले.

कथा थोडक्यात अशी. गावात सावकाराने अम्मावर हात टाकला, नवऱ्याने त्याचा खून केला आणि मुलाला घेऊन दोघे मुंबईला पळाली. झोपडी उभी करायची तर पत्रा हवा. तो चोरताना नवरा गोळीला बळी पडला. हे सारे मूळ कथेच्या आधीचे. चित्रपटात दिसते ती वस्तीत मुरलेली, कणखर, हसरी, स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी अम्मा. तिच्या आयुष्यात दोन पुरुष आहेत: वस्तीचा छटेल दादा लुक्का (नसीरुद्दीन शाह) आणि ट्रक चालवणारा अण्णा (कुलभूषण खरबंदा). अण्णाचे मूल तिच्या पोटात आहे. वाढत्या वयाचा मुलगा बेनवा (रणजित चौधरी) लुक्कालाच आदर्श मानतो. अम्माला त्याचे लग्न करून द्यायचे आहे, घर बांधायचे आहे. पण रोगाने पोखरलेला लुक्का परत येतो, पाठोपाठ पोलीस येतात, मारहाण होते, अम्माचे मूल पोटातच जाते. आणि शेवटी बुलडोझर येतो.

कथेच्या सुरुवातीला पत्र्यासाठी एक जीव जातो आणि शेवटी तेच पत्रे जमीनदोस्त होतात, हे ध्यानात ठेवायला हवे. भिंत हाच या कथेचा खरा विषय आहे.

आता ते अंघोळीचे दृश्य. चित्रपटात ते ओघात येते. अम्मा उघड्यावर अंघोळ करते, कारण वस्तीत न्हाणीघर नाही. कोणी तिच्याकडे टक लावून पाहत नाही. तीही कोणाकडे पाहत नाही. सकाळच्या दहा कामांतले ते एक काम असते. पण वितरकांनी नेमके तेच दृश्य उचलून पोस्टरवर लावले आणि अर्थ उलटा झाला. पडद्यावर जे अभावाचे चित्र होते, ते भिंतीवर आमिषाचे झाले.

स्मिता पाटील यांनी एका मुलाखतीत या व्यवहारावर स्पष्ट नापसंती दर्शवली होती. ज्या बाईला राहायला जागा नाही तिला न्हाणीघर कुठून असणार, अशी स्त्री रस्त्याकडेला दिसली तर कोणी थांबून पाहत नाही. पण त्याच दृश्याचे पोस्टर करून, अर्धवस्त्र बाई पाहायला या, असे प्रेक्षकाला सांगणे हा वितरकांचा उद्योग आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. म्हणजे दृश्याचे समर्थन आणि पोस्टरचा निषेध त्या एकाच वेळी करीत होत्या. त्या काळच्या वादात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली ती झालीच. एका बाजूला ‘समांतर सिनेमाही अखेर देहच विकतो’ म्हणणारे होते आणि दुसऱ्या बाजूला ‘गरिबीचे प्रदर्शन मांडून परदेशी बक्षिसे मिळवतात’ म्हणणारे. दुसरा आरोप त्या वेळी फार ताजा होता. १९८० मध्येच नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय यांच्यावर तो राज्यसभेत केला होता.

आणि ‘चक्र’ला बक्षिसे मिळालीही. स्मिता पाटील यांना १९८० सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘भूमिका’नंतरचा हा त्यांचा दुसरा. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवात चित्रपटाने सर्वोच्च मान, म्हणजे ‘सुवर्ण बिबळ्या’, पटकावला. फिल्मफेअर पुरस्कारांत स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह आणि बन्सी चंद्रगुप्त यांची नावे आली.

तिकडे मुंबईत मात्र चित्रपटाचा शेवट रस्त्यावर घडत होता. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. या लोकांचे जिणे अमानुष आहे आणि पावसाळ्यात असल्या तकलादू आडोशांत माणूस राहूच शकत नाही, असे कारण दिले गेले. त्यावरचा उपाय म्हणून तो तकलादू आडोसाही ऐन पावसाळ्यात पाडण्यात आला.

एका कुटुंबाची हकीकत न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. दुष्काळामुळे तामिळनाडूतल्या सेलमहून १९६१ मध्ये मुंबईला आलेला एक भूमिहीन मजूर. दहिसरच्या रासायनिक कारखान्यात रोज २३ रुपयांवर कामाला. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या पदपथावर प्लास्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा मिळावा म्हणून एका झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळलेले. म्हणजे जवळजवळ ११० दिवसांची मजुरी, एका ताडपत्रीसाठी. २३ जुलै १९८१ रोजी तो आडोसा पाडून कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायको-मुली गावी राहिल्या. तो मात्र कामासाठी परत आला आणि पुन्हा पदपथावर राहू लागला. ‘चक्र’ या नावाचा अर्थ एखाद्याला विचारायचा झाला, तर तो या माणसाला विचारावा.

याच प्रकरणातून ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ हा खटला उभा राहिला. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना आणि पदपथावरचे रहिवासी अर्जदार होते. १० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला आणि तो मराठी मातीतल्याच एका सरन्यायाधीशांनी, यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, लिहिला. जगण्याच्या मूलभूत हक्कात उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे, हे तत्त्व या निकालाने दिले. कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात.

पण त्या निकालपत्राचा आरंभ सहसा कोणी लक्षपूर्वक वाचत नाही. तिथे न्यायमूर्ती पदपथावरच्या आयुष्याचे वर्णन करतात: घाण, पिसाळलेली कुत्री, जिथे शौच तिथेच स्वयंपाक. आणि त्यातच येते ते वयात आलेल्या मुलींचे वर्णन. ये-जा करणाऱ्यांच्या चौकस नजरांसमोर, स्त्रीसुलभ लाजेचे भान न ठेवता, त्या अंघोळ करतात, असे न्यायालय नोंदवते.

म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या दृश्यावरून चित्रपटाला नावे ठेवली गेली, तेच दृश्य देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले. फरक एवढाच, की वर्णन सहानुभूतीचे असूनही ‘लाजेचे भान’ हे माप न्यायमूर्तींनीही मुलींनाच लावले. लाज असणे आणि आडोसा असणे यांतले अंतर अम्माच्या त्या एका दृश्यात अधिक स्पष्ट दिसते.

निकालाचा शेवटही हक्काच्या घोषणेइतका उदार नव्हता. पदपथ रिकामे करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. फक्त पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबायला सांगितले. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेतले ओळखपत्र असणाऱ्यांना मालवणी किंवा तितक्याच अंतरावरची दुसरी जागा द्यावी, असेही सांगितले. ज्यांच्याकडे ओळखपत्र नव्हते त्यांचे काय?

त्यांच्यासाठी, निदान कागदावर, खाडीपलीकडे एक उत्तर होते.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे. ती पूर्वेकडे, खाडी ओलांडून वाढू द्यावी. सरकारने ती स्वीकारली. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी नेमली गेली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मानखुर्द आणि वाशी यांना जोडणारा पूल झाला आणि वाशी हे या शहराचे पहिले उपनगर म्हणून वसू लागले. मुंबईत येऊ पाहणाऱ्या स्थलांतरितांना इकडे सामावून घ्यावे आणि त्यांत सर्व उत्पन्नगटांची माणसे असावीत, हे त्याचे जाहीर उद्दिष्ट होते. दुसऱ्या शब्दांत, बेनवासाठी आणि अम्मासाठी घर.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला मात्र वेगळेच काही घडले होते. मानखुर्दजवळची जनता कॉलनी ही सुमारे सत्तर हजार वस्तीची झोपडपट्टी. पालिकेनेच आधी उठवलेल्या लोकांची ती वसाहत होती. शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, ती पाडली गेली आणि माणसे चिता कॅम्पला नेऊन टाकली गेली. तिथून वाशीचा पूल हाकेच्या अंतरावर. तरीही त्या माणसांची वाट पुलावरून गेली नाही.

का गेली नाही, याचे कारण कोणाच्या दुष्टाव्यात शोधण्याची गरज नाही. ते हिशेबात सापडते. नवे शहर स्वतःच्या पायावर उभे राहावे असे ठरले होते. सरकारने जमीन संपादून द्यायची, महामंडळाने ती विकसित करून विकायची आणि त्या पैशातून रस्ते, नळ, गटारे करायची. जमीन विकूनच शहर बांधायचे म्हटल्यावर जमीन विकत घेऊ शकणाराच त्याचा पहिला नागरिक होतो. सिडकोने लहान घरे बांधली, अल्प उत्पन्न गटासाठीही बांधली, हे खरे. पण त्या घराचा हप्ता भरायला पगाराची नोकरी लागे. रोज काम शोधणाऱ्याला कामापाशीच राहावे लागते आणि काम मुंबईत होते. मंत्रालय नरिमन पॉइंटहून हललेच नाही. वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ मध्ये, ‘चक्र’नंतर अकरा वर्षांनी.

ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्या आगरी-कोळी गावकऱ्यांनाही मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. त्या संघर्षातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आणि एक विलक्षण गोष्ट घडली. नियोजनकारांनी ज्यांच्यासाठी घरे आखली होती त्या गरिबांना आसरा मिळाला तो बऱ्याच अंशी या गावकऱ्यांनी गावठाणांत वाढवलेल्या खोल्यांत. ज्यांना तेही परवडले नाही ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक जमिनींवर वसले. मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आले, हमाल आले, कारखान्यांचे हंगामी कामगार आले, दगडखाणींत राबणारे तर आधीपासूनच होते. झोपडपट्टी होऊ नये म्हणून आखलेल्या शहराच्या कडेला, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या.

१९८५ मध्ये आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा मुंबईतल्या पाडापाडीवरचा माहितीपट आला. त्यात पाडलेल्या झोपडीपाशी बसलेली एक बाई कॅमेरा घेऊन आलेल्यांनाच फैलावर घेते: आमचे फोटो काढून तुम्हाला नाव मिळेल, आम्हाला काय मिळणार? पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. ‘चक्र’वरच्या साऱ्या टीकेत असला एकही प्रश्न नव्हता, तिथे भांडणारे दोन्ही पक्ष न्हाणीघर असलेल्या घरांतले होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई परिसरात एक नवी योजना सुरू झाली. पूर्ण घर बांधून देणे परवडत नाही, तर लहानसा भूखंड, रस्ता, पाण्याचा नळ आणि मलवाहिनी तेवढी द्यावी. भिंती माणसे जमेल तशा स्वतः बांधतील. वाशीच्या उत्तरेला ऐरोली आणि कोपरखैरणे इथे सिडकोने असे भूखंड पाडले. त्यांतल्या अनेक घरांचा इतिहास एका जोत्यापासून आणि नळापासून सुरू होतो. आधी मोरीचा आडोसा झाला, मग पत्र्याची खोली, मग विटांची भिंत, मग वरचा मजला. आज कोपरखैरण्याच्या त्या अरुंद गल्ल्यांत एकमेकींना खेटून तीन-तीन मजली घरे उभी आहेत आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यांतले सगळ्यात जुने बांधकाम कोणते ते ओळखू येत नाही.